माझा कागद आटलेला नाही

पत्र मीच टाईप केले होते. चारच ओळी होत्या. संस्थेसाठी छापलेल्या आठही चित्रांचा कागद सदोष निघाला. कागद तयार करणाऱ्या व्यक्तीने आपली चूक मान्य केली आहे. यापुढे ते काम तिच्याकडे राहणार नाही. तरी नव्या छपाईसाठी मुदत वाढवून मिळावी. खाली सहीची रेघ. ती सही आमच्या छपाईच्या कारखान्याच्या मास्तरांची व्हायची नव्हती, त्यांच्या वहिनींची व्हायची होती. आणि वहिनी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी बांधून घरी निजलेल्या होत्या. आपल्या नावाने असे काही तयार झाले आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

मी त्या कारखान्यात चित्रांच्या मागे डकवायच्या चिठ्ठ्या आणि गिऱ्हाइकांची पत्रे लिहीत असे. कारखाना म्हणजे कापडाच्या एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. पुढे कारभार पाहणाऱ्या मॅडमचे टेबल, मध्ये छपाईची खोली, मागे पाण्याची खोली. तिथे फोटो हाताने छापले जात. डिंक, रंग आणि उजेड लागला की घट्ट होणारे एक रसायन असे मिश्रण कागदावर ब्रशने फिरवायचे, त्यावर फिल्म ठेवून कडक दिव्याखाली धरायचे आणि मग कागद पाण्यात सोडायचा. उजेड मिळालेला रंग कागदाला धरून राहतो, बाकीचा वाहून जातो. एका वेळी एकच रंग. आधी निळा, मग पिवळा, शेवटी लाल. तिन्ही थर एकमेकांवर नेमके बसले की चेहरा उमटतो, आणि तो असा की जणू कागदातूनच वर आलेला आहे. जराही सरकले तर ओठ एकीकडे आणि ओठांचा रंग दुसरीकडे. याला छापखान्यातली माणसे रजिस्टर हलले म्हणतात.

आणि ते हलवायला कागद टपूनच बसलेला असतो. भिजला की फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि पहिल्या पाण्यात तर कायमचाच थोडा लहान होतो. निळ्या थरानंतर लहान झालेल्या कागदावर पिवळ्याची फिल्म बसणार कशी? त्यासाठी पाण्याची खोली होती, आणि त्या खोलीत एकतीस वर्षे वहिनी होत्या.

त्या शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आल्या तेव्हा हा कारखाना त्यांचे सासरे चालवत, आणि दर दहा चित्रांतली चार-पाच फाडून टाकावी लागत. चांगल्या कामात एवढी नासाडी व्हायचीच, अशी घरातल्या पुरुषांची ठाम समजूत होती. नव्या सुनेने आठवडाभर पाहिले आणि जेवताना म्हटले, "आमच्याकडे कापड आधी भिजवून वाळवतात आणि मगच कात्री लावतात."

सासऱ्यांनी हसून उत्तर दिले, "सूनबाई, हा कागद आहे, लेंगा नाही."

"आटतो तर लेंग्यासारखाच," सूनबाई म्हणाल्या.

दीर, म्हणजे आजचे मास्तर, तेव्हा कॉलेजात होते. ते हसता हसता पाण्याचा ठसका लागून उठून गेले. पण नवऱ्याने दुसऱ्या दिवशी गुपचूप दोन ताव बायकोच्या हाती दिले. तिने ते हाताला चटका बसेल अशा गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवले, दोरीवर टांगून आपल्या आपण वाळू दिले आणि पुन्हा बुडवले. असे तीनदा. तिसऱ्या वेळी कागदाने आटणे सोडून दिले होते. त्या दोन तावांवर तिन्ही रंग एकमेकांवर असे बसले की सासरे भिंग घेऊन कितीतरी वेळ चित्राकडे पाहत राहिले. शाबासकी दिली नाही. फक्त म्हणाले, "पाण्याची खोली उद्यापासून तू बघ."

पुढे वहिनींनी त्या कामाला एक शिस्त लावली. एकाच गठ्ठ्यातले ताव, तेही एकाच दिशेने कापलेले, कारण कागदाचे तंतू जिकडे निजलेले असतात त्याच्या आडव्या अंगाने तो जास्त फुगतो. पाठीमागे पेन्सिलीचा बारीक बाण. तीन पाणी, तीन वाळवणी, वर जिलेटिनचा एक हात. मग समासात आडव्या अंगाने सुईने दोन भोके, बरोबर तीनशे मिलिमीटर अंतरावर. प्रत्येक थरानंतर स्टीलची पट्टी लावून ती भोके मोजायची, आणि तीनशे भरल्याखेरीज पुढचा रंग नाही. भरले नाहीत तर ताव तसाच खोलीत टांगून ठेवायचा. किती वेळ, ते कागद ठरवील.

या हट्टामुळे कारखान्यातली माणसे त्यांना पाठीमागे मिलिमीटर म्हणत. त्यांना ते ठाऊक होते. एकदा छपाईच्या खोलीतून कुणीतरी ओरडले, "मिलिमीटर आली का रे?" आणि पाण्याच्या खोलीतून उत्तर आले, "आली! पूर्ण आली, अर्धी नाही!"

नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्यानंतर सही मास्तरांची, नाव मास्तरांचे, प्रदर्शनात फुले मास्तरांना. मास्तर होतेही गुणी. रंगाचा हात त्यांच्यासारखा कुणाचा नव्हता. पण कागद हा त्यांना दुकानातून येणाऱ्या डिंकाइतकाच आयता मिळत आला होता. मागच्या खोलीत काय चालते हे आपल्याला माहीत आहे, असे ते समजत. आणि जे आपल्याला माहीत आहे असे वाटते तिकडे माणूस पाहत नाही.

आठ चित्रांचे ते काम एका परिचारिका विद्यालयाचे होते. विद्यालयाच्या आठ सर्वांत वृद्ध परिचारिकांची व्यक्तिचित्रे त्यांच्या नव्या दालनात लागायची होती. वहिनींनी आठ ताव आणि वर एक जास्तीचा, असे नऊ तयार केले. एव्हाना त्यांचा उजवा डोळा इतका धुरकटला होता की भोके पाडताना त्या भिंग नाकाला टेकवत. निळा आणि पिवळा थर त्यांच्या देखत झाला. लालच्या आधी डॉक्टरांची तारीख आली आणि त्या गेल्या. जाताना मास्तरांना सांगून गेल्या, "भाऊजी, ताव टांगलेत. दोन दिवस हात लावू नका. हवेत ओल आहे, सावकाश वाळतील."

मास्तरांनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी लाल थर छापून झाला.

वहिनी सहाव्या दिवशी कारखान्यात आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. मॅडम, म्हणजे मास्तरांच्या पत्नी आणि वहिनींच्या धाकट्या जाऊ, खुर्चीवरून अर्धवट उठल्या.

"अगंबाई, तुम्ही कशाला आलात? डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय ना?"

"वाकू नका आणि पाण्यात हात घालू नका म्हणालेत. उभं राहायला बंदी नाही."

त्या सरळ मधल्या खोलीत गेल्या. आठही चित्रे भिंतीवर ओळीने लावलेली होती. चेहऱ्यांच्या मधोमध, नाकापाशी, सगळे जुळलेले होते. कडांकडे जावे तसा लाल रंग बाहेर निसटत गेला होता. आठ वयस्कर बायका कमालीच्या गंभीर मुद्रेने समोर पाहत होत्या, आणि प्रत्येकीच्या दोन्ही कानांना बाहेरून लाल कड होती.

"यांचे कान कुणी पिळले?" वहिनींनी विचारले.

मास्तर खिडकीपाशी उभे होते. मागे न वळता म्हणाले, "कागद आटला, वहिनी."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. लालची फिल्म ठेवायला गेलो तर दोन्ही बाजूंनी बाहेर जायला लागली. मध्ये जुळवून दोन्हीकडे सारखी सोडली, दुसरं काय करणार? दालनाचं उद्घाटन तोंडावर आलंय."

"माझा कागद आटलेला नाही."

"वहिनी," मॅडम मागून आल्या होत्या, आवाज शक्य तितका मऊ करून, "तुमच्या डोळ्याचं आम्हाला कळत होतं. तुम्ही बोलला नाहीत, आम्हीही बोललो नाही. आता दिसेनासं झालं तर माणसाची चूक होणारच. कुणी तुम्हाला दोष देत नाहीये."

"मग कागदाला देताय, तो माझाच आहे."

मॅडमनी टेबलावरचे पत्र आणून त्यांच्या हाती दिले. वहिनींनी ते चष्म्यापासून लांब धरले, जवळ आणले, पुन्हा लांब धरले, आणि माझ्याकडे वळल्या. "वाचा हो, चिठ्ठीवाले. मला अजून बारीक अक्षर लागत नाही."

आपणच टाईप केलेल्या चार ओळी इतक्या लांब असू शकतात याची मला कल्पना नव्हती. मी वाचल्या. 'आपली चूक मान्य केली आहे' येथे माझा आवाज उतरला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा. माझीच चूक आहे ना, मला ऐकू येऊ दे."

वाचून संपल्यावर मास्तर पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. "उद्या अकरा वाजता विद्यालयाच्या मेट्रनबाई येतायत. त्यांच्या हाती काहीतरी कारण द्यावं लागेल. तुम्ही घरी आराम करा. आता ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तयार कागद मिळतात, ते हलत नाहीत. मागची खोली आपण बंदच करतोय. तुमचं काही कमी पडणार नाही, तेवढं मी बघेन."

"कमी पडायचं काय त्यात? एकतीस वर्षं बादलीत घातली आणि बादली तुम्ही उपडी केलीत." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "सही करणार नाही. खोली बंद करायची तर करा, कारखाना तुमचा आहे. पण माझ्या कागदानं दगा दिला म्हणून बंद केली, हे लिहू देणार नाही."

"मग काय लिहू? माझ्या हातानं दगा दिला?"

"आधी मोजा. मग लिहा."

मॅडमना आता राहवले नाही. "अहो, पत्र वाचता येत नाही आणि मिलिमीटर मोजणार?"

"मी नाही मोजणार. म्हणूनच नाही. भाऊजी मोजतील. त्यांचे दोन्ही डोळे चांगले आहेत."

त्यांनी खणातली स्टीलची पट्टी आणि भिंग काढून मेजावर ठेवले. भिंतीवरचे पहिले चित्र मी उतरवले. मास्तर, लहान मुलाची समजूत घालावी तसे तोंड करून, मेजावर वाकले.

त्या क्षणी वहिनींना खात्री होती, असे मी म्हणणार नाही. भोके पाडताना त्यांना नीट दिसत नव्हते हे खरे होते, आणि ते त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी मेजाची कड घट्ट धरली होती.

"सुईची भोकं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पट्टी लावली, भिंग फिरवले, पट्टी उचलून पुन्हा लावली. "तीनशे."

"कागद आटला असता तर भोकं जवळ आली असती. दुसरं चित्र घ्या."

दुसरेही तीनशे. तिसरे, चौथे. आठही. मॅडम हाताची घडी घालून दाराला टेकल्या होत्या, त्या सरळ उभ्या राहिल्या.

"आता निळ्या खुणा." प्रत्येक फिल्मच्या दोन्ही टोकांना एक-एक बारीक फुली असते, आणि रंगासोबत तीही छापली जाते.

"दोनशे साठ."

"पिवळ्या?"

"दोनशे साठ."

"लाल?"

मास्तरांनी पट्टी दोनदा लावली. "दोनशे एकसष्ट."

"फिल्म मोजा. लालची."

फिल्म दोनशे साठच होती. मला तेव्हा उलगडा झाला नव्हता. वहिनींनी तो शिंप्याच्या मुलीच्या भाषेत केला. "फिल्म साठची, मग कागदावर एकसष्ट कुठून आलं? कागदावर उतरल्यावर लाल वाढला, दुसरं काय? ज्या वेळी तुम्ही लाल लावलात त्या वेळी कागद आखडलेला होता. नंतर हवा प्याला, अंग सोडलं, आपल्या मूळ मापाला आला, आणि लाल रंगालाही ताणून सोबत घेऊन गेला. तुम्ही त्याला आखडलेला असताना पकडलंत. आता सांगा, कशानं वाळवलात?"

"वाळले होते ते."

"कशानं, भाऊजी?"

उत्तर कपाटावर होते. केस वाळवायचे निळे यंत्र, त्याची दोरी व्यवस्थित गुंडाळलेली. मॅडमनी ते घरून आणले होते.

"ओलसर लागत होते हाताला," मॅडम म्हणाल्या. "दहा-दहा मिनिटं गरम हवा दिली, बस. वाळवायचेच तर होते! वाळलेला कागद तो वाळलेला कागद."

"वाळलेला वेगळा आणि तहानेनं कासावीस झालेला वेगळा."

"हे सगळं तोंडानं म्हणायला ठीक आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा तापला होता. "हवेनं एक मिलिमीटर? एवढ्यानं? मी पंचवीस वर्षं छापतोय."

"मीही एकतीस वर्षं भिजवतेय. नववा ताव आहे ना कोरा? आणा."

कोरा ताव आणला. त्याच्यावर भोके होती, रंग नव्हता. मास्तरांनी मोजले: तीनशे. वहिनींनी यंत्राकडे बोट केले. "द्या हवा. तुमच्या हातानं द्या, तुम्ही दिलीत तशीच."

मास्तरांनी दहा मिनिटे हवा दिली. एवढी लांब दहा मिनिटे मी कधी काढलेली नाहीत. मग त्यांनी पट्टी लावली. पाहिले. भिंग पुसले. पुन्हा पाहिले.

"किती?" वहिनींनी विचारले.

"दोनशे अठ्ठ्याण्णव. आणि... पाऊण."

"टांगा. उद्या सकाळी परत मोजा. आणि चिठ्ठीवाले, ते पत्र तुमच्याजवळ ठेवा. फाडू नका. उद्या लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा मास्तर माझ्या आधी आलेले होते. ताव दोरीवर होता, पट्टी मेजावर, आणि मास्तर स्टुलावर. तीनशे भरले, हे सांगायला त्यांनी आपणहून बोटे दाखवली. तीन. मग म्हणाले, "मेट्रनबाईंना हे कुणी समजवायचं? त्या म्हणतील, मास्तर असून तुम्हाला एवढं कळलं नाही?" हा प्रश्न मला नव्हता.

मॅडमचा विचार मात्र पक्का होता. "अहो, घरातलं घरात राहू दे. वहिनी, खोली राहील, तुम्ही राहाल, सगळं राहील. आजच्यापुरती सही करा. त्या बाईला काय करायचंय कागद की हवा? एक नाव हवं असतं लोकांना."

"तुझं दे," वहिनी म्हणाल्या.

"माझं कसं? मी छापते का?"

"मी तरी कुठे छापते? मी पाणीवाली. चांगलं झालं की मी चित्रात नसते, बिघडलं की एकदम पत्रात येते. बिघडल्यावरच मला बोलवायचं असेल तर मी आज घरी नाही, असं सांग."

मेट्रनबाई अकराला पाच मिनिटे असतानाच आल्या. उंच, पाठ ताठ, निवृत्त होऊनही घड्याळ छातीशी लावलेले. भिंतीवरच्या आठांपैकी तिसरे चित्र त्यांचेच होते. आपल्या लाल कानांकडे त्यांनी काही क्षण पाहिले. "मी आयुष्यभर विद्यार्थिनींचे कान धरले," त्या म्हणाल्या, "त्याची शिक्षा दिसतेय."

मास्तर हसले, पण ते हसू ओठांपर्यंतच पोचले. मग त्यांनी घसा साफ केला. "कागदाच्या बाबतीत एक..."

"कागदाच्या बाबतीत काही नाही," वहिनी म्हणाल्या. त्या पाण्याच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर त्या कधी आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. "माफ करा, मध्ये बोलते. कागद मी तयार केला. या चिठ्ठीवाल्यांच्या हातात माझ्या नावाचं पत्र आहे, कागद खराब होता असं त्यात लिहिलंय. मी सही केलेली नाही आणि करणार नाही. कागद चांगला होता. बाकीचं मास्तर सांगतील."

मेट्रनबाईंनी काळा चष्मा पाहिला. "कोणता डोळा?"

"उजवा."

"कितवा दिवस?"

"सातवा."

"मग वाकू नका," त्यांनी बजावले, आणि मास्तरांकडे वळल्या. "कागद चांगला होता म्हणतायत. मग?"

मास्तरांच्या हातात पट्टी होती. ती त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वाळवण्यात घाई झाली."

"कुणाकडून?"

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. "माझ्याकडून. यांनी दोन दिवस थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही."

"हं," मेट्रनबाई म्हणाल्या. खुर्ची ओढून त्या बसल्या. "आमच्याकडे असं झालं की रुग्णाच्या कागदावर खरं कारण लिहावं लागतं. नाहीतर पुढच्या पाळीची मुलगी तेच करते. नवीन चित्रं किती दिवसांत होतील?"

"आठ," मास्तर म्हणाले.

"बारा," वहिनी म्हणाल्या.

"उद्घाटन दहाव्या दिवशी आहे."

"मग दहाव्या दिवशी भिंत मोकळी राहील. बाराव्या दिवशी चित्रं लागतील. दहाव्या दिवशी हवी असतील तर हीच न्या, कानांसकट."

"वहिनी!" मॅडमच्या तोंडून निघून गेले.

मेट्रनबाईंनी छातीवरच्या घड्याळाकडे पाहिले, जणू ते बारा दिवस त्यातच मोजता येतील. "आमच्यातल्या दोघी नव्वदीच्या पुढच्या आहेत," त्या म्हणाल्या. "दोन दिवस पुढेमागे म्हणजे त्यांच्या वयात विनोद नाही. पण त्या वाकड्या लागण्यापेक्षा उशिरा लागलेल्या बऱ्या. उद्घाटन मी पुढे ढकलते. समिती माझ्यावर ओरडेल. ओरडू दे."

त्या निघून गेल्यावर वहिनींनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पत्र दिले. त्यांनी ते उलटे केले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मला लिहायला सांगितले: तीन पाणी, तीन वाळवणी, यंत्राची हवा नाही, मोजल्याशिवाय रंग नाही. "दारावर लावा," म्हणाल्या. मॅडमनी ते वाचले आणि दिवसभर त्यांच्याशी अबोला धरला. वहिनींनीही तो मोडला नाही.

पाण्यात हात घालायची बंदी होती, म्हणून नवे आठ ताव मास्तरांनी भिजवले. वहिनी मागे ताठ उभ्या राहून सांगत. "कोपरा धरा, मधून उचलू नका, भिजल्यावर तो स्वतःच्याच वजनानं फाटतो. अहो, पाणी कोमट झालं, हे काय आंघोळीचं आहे? गरम घाला." पहिल्या दिवशी मास्तरांची बोटे लाल झाली. "हे तुम्ही रोज करता?" त्यांनी विचारले. "नाही," वहिनी म्हणाल्या, "रविवारी सुट्टी असते." भोके मास्तरांनी पाडली. पहिल्या तावावर दोनशे नव्व्याण्णव भरले, तेव्हा तो ताव वहिनींनी बाजूला काढायला लावला आणि दुसरा भिजवायला लावला. मास्तरांच्या जिभेवर आलेले शब्द मला ऐकू आले नाहीत, पण दिसले.

निळा पाचव्या दिवशी, पिवळा आठव्या दिवशी. दोन्ही बसले. मग दोन दिवस हवा कुंद राहिली, आणि अकराव्या दिवशी सकाळी मास्तर लाल रंग कालवून, ब्रश भिजवून तयार होऊन आले. ताव दोरीवर होते. वहिनी त्यांच्याखाली उभ्या होत्या, काळा चष्मा आता कपाळावर चढवलेला.

"झाले?"

"मोजा."

मास्तरांनी एक ताव उतरवला. "तीनशेला एक दोरा जास्त."

"ओल आहे अजून. टांगा."

"वहिनी, उद्या चित्रं न्यायची आहेत."

"उद्या नेऊ. आज टांगा."

कालवलेल्या रंगाची वाटी मास्तरांच्या हातात होती, तिच्यावर साय धरायला लागली होती. त्यांनी दाराकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले. यंत्र तिथे आता नव्हते, मॅडमनी ते घरी नेले होते. शेवटी त्यांनी वाटी ओल्या फडक्याखाली झाकली, ताव चिमट्याला अडकवला, स्टूल ओढून घेतले आणि त्याच्याखाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कागदाची वाट पाहत होते, आणि ते त्यांना जमत नव्हते. दर पाच मिनिटांनी मान वर जाई. वहिनी खिडकी थोडी उघडत, थोडी लावत.

दुपार कलली तेव्हा मास्तर उठले. वहिनींनी सांगितले नव्हते. त्यांनी ताव उतरवला, पट्टी लावली, भिंग फिरवले.

"तीनशे."

"परत मोजा," वहिनी म्हणाल्या.